खोगीर घोड्याच्या पाठीचं

फीलर गेज म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा. त्यातलं ०.१५ मिलिमीटरचं पातं रायफलवरच्या पट्टीखाली अलगद गेलं. ०.२०चं टेकलं आणि थांबलं. मागचा एकच स्क्रू आवळलेला होता, बाकीचे तीन वाटीत काढून ठेवले होते. समोर काका बसले होते. त्यांना आता एवढं बारीक पातं दिसत नाही. त्यांनी हात पुढे केला, मी रायफल त्यांच्याकडे वळवली, आणि त्यांनी पट्टीच्या पुढच्या टोकाची कड अंगठ्याच्या नखाने चाचपली. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. मला गेजने जे सापडतं, ते त्यांच्या नखाला आधी कळतं.

"उचललीय," ते म्हणाले. "चारही आवळलेस की खाली जाईल. पण पोरी, ती बसलेली नसेल, दाबलेली असेल."

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलवर दुर्बीण चढवायची तर मध्ये ही पट्टी लागते. शूटर तिला रेल म्हणतात, रेंजवर मीही रेलच म्हणते. काकांच्या तोंडी मात्र पट्टी, आणि स्कोपला दुर्बीण. इथे त्यांचेच शब्द वापरते, कारण हा सगळा विषय मला त्यांच्याच शब्दांत समजला. दोन बोटांपेक्षा कमी रुंदी, वीतभराहूनही कमी लांबी, वर सारख्या अंतरावर आडव्या खाचा, खाली रिसीव्हरच्या (काडतूस आत ढकलणारा बोल्ट ज्यात पुढेमागे सरकतो, ते रायफलचं पोलादी धड) आकाराचा घळ. रायफल घेताना आपण महिनोन्महिने वाचतो, दहा जणांना विचारतो. दुर्बिणीसाठी पैसे साठवतो. आणि पट्टी सगळ्यात शेवटी, जाता जाता घेतो. मीही तशीच घेतली होती, आणि तिने माझे आठ महिने घेतले.

त्याआधी १०० मीटरवर माझा पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, तीनेक सेंटिमीटरचा यायचा. नवी पट्टी आणि काकांची दुर्बीण चढवली आणि तो फुटला. तीन गोळ्या एकीकडे, दोन त्यांच्यापासून सहा-सात सेंटिमीटर लांब. पुढच्या खेपेला ग्रुप जवळ जवळ पडायचा, पण सगळाच्या सगळा दोन बोटं खाली सरकलेला. मी काडतुसांचा लॉट बदलला. श्वासाला दोष दिला, चापावरच्या बोटाला दिला. दस्त्याचे स्क्रू उघडून पुन्हा लावले. मग रात्री झोप लागेना असा एक विचार आला, की दुर्बीणच संपलीय.

तो विचार काकांना सांगणं मला जमत नव्हतं. ती दुर्बीण त्यांची. १ इंची नळी, ४० मिलिमीटरची पुढची काच, कडांवरचा काळा रंग बोटांनी घासून गेलेला. नजर मंदावत गेली तशी त्यांनी नेमबाजी सोडली, आणि एक दिवस ही माझ्या हातात दिली. देताना फार बोलले नाहीत. काच पुसायचं मऊ कापड मात्र आठवणीने सोबत दिलं. त्यामुळे "हल्ली ३० किंवा ३४ मिलिमीटर नळीची घे, सगळे प्रश्न मिटतील" असं कुणी सांगितलं, की मला ते पटतं आणि तरी उपयोगाचं नसतं. मला ही दुर्बीण याच रायफलवर हवी होती. मग बदलता येण्यासारखी एकच गोष्ट उरत होती, ती या दोघींच्या मधली.

शेवटी धीर करून मी सांगितलंच. काकांनी दुर्बिणीचा विषय काढलाच नाही. म्हणाले, "काच राहू दे. पाठ बघू."

आणि त्यांनी खोगिराची गोष्ट काढली. खोगीर स्वाराच्या बुडाच्या मापाचं बेतत नाहीत, घोड्याच्या पाठीच्या मापाचं बेततात. स्वार कसाही सावरून बसेल. घोड्याच्या पाठीला मात्र खोगीर जिथे टोचेल तिथे जखम होणार, आणि तो दर पावलाला अंग चोरणार. आपण खोगीरभरती हा शब्द फालतू भरीसाठी वापरतो. खऱ्या खोगिरात त्या भरतीवरच सगळं अवलंबून असतं. ती कुठे दाट, कुठे पातळ, यावर वजन पाठीवर सारखं पडतं की एका मणक्यावर. मी पट्टी निवडताना फक्त स्वाराचा विचार केला होता. दुर्बीण कशी बसेल, तिला धरणाऱ्या कड्या कुठे लागतील, दिसायला कसं दिसेल. पट्टीची खालची बाजू मी खोक्यातून काढताना एकदा पाहिली असेल.

खरं तर निवड खालच्या बाजूपासून सुरू व्हायला हवी. वरची बाजू जगभर जवळपास सारखी असते, खालची मात्र त्या त्या रायफलची. रेमिंग्टन ७०० ही १९६२ साली आलेली रायफल घ्या: रिसीव्हर गोल, आणि त्याचा मागचा भाग पुढच्या भागापेक्षा खाली. म्हणून तिच्यावरच्या पट्टीचा मागचा पाय पुढच्याहून जाड. पुढे कितीतरी कारागिरांनी आणि कारखान्यांनी हाच आराखडा आणि हीच भोकं उचलली, त्यामुळे तिच्या मापाची पट्टी अनेक रायफलींवर चढते. पण त्यातही रिसीव्हर आणि बोल्ट मिळून होणारी आखूड अ‍ॅक्शन वेगळी आणि लांब वेगळी, पुढच्या-मागच्या भोकांमधलं अंतर जुळत नाही. टिक्का टी३च्या रिसीव्हरच्या माथ्यावर मुळातच डव्हटेल, म्हणजे कड्यांना पकडायला तिरप्या कडांची खोबण, कापलेली आहे आणि शिवाय स्क्रूची भोकंही आहेत, म्हणजे कड्या थेट लावायच्या की पट्टी, हे ज्याचं त्याने ठरवावं. सीझेडच्या बऱ्याच रायफली डव्हटेलच्याच. जुनी लष्करी माउझर ९८ तर १८९८ सालची. तिच्या पाठीवर काडतुसांची क्लिप उभी करायची खाच आहे, दुर्बिणीचा विचार नाही. तिला भोकं पाडून आटे काढावे लागतात, आणि ते काम जाणत्या बंदूक-कारागिराचंच. एकदा वाकडं पडलेलं भोक सरळ करता येत नाही.

आणि नाव जुळलं म्हणजे पाठ जुळली असं नाही. रिसीव्हर घासून चकचकीत करताना एखाद्या ठिकाणी हात जरा जास्त फिरतो. पट्टी कापताना सूतभर इकडेतिकडे होतं. दोघंही आपापल्या मापात असतात, आणि एकत्र आल्यावर मध्ये ०.१५ मिलिमीटर उरतं.

एवढीशी फट. तिचा हिशोब काकांनी मला तोंडी करायला लावला. पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या पायांत साधारण १३० मिलिमीटर. तेवढ्यात ०.१५ची चूक म्हणजे १०० मीटरवर साडेअकरा सेंटिमीटर. मी म्हटलं, ते तर झिरो करताना (गोळी नेमाच्या जागी आणताना) दुर्बिणीवरची चकती, म्हणजे टरेट, फिरवून क्लिकांनी भरून निघेल. "भरून निघेल," ते म्हणाले, "पण पट्टीने वाकून राहायला कबूल केलंय का?" दाबून बसवलेली पट्टी सतत ताणात असते. तिच्यावरच्या दोन कड्या मग एका रेषेत राहत नाहीत, आणि त्यांच्यात धरलेली दुर्बिणीची नळीही थोडी पिळली जाते. प्रत्येक धक्क्याला त्या ताणाला जरा सैल व्हायची संधी मिळते. मी कड्या उघडल्या तर नळीवर दोन बारीक चंद्रकोरी उमटल्या होत्या, पुढच्या कडीत वरच्या कडेला, मागच्या कडीत खालच्या. काकांच्या दुर्बिणीवर माझ्यामुळे उमटलेल्या. त्या मी त्यांच्या बोटाला लावून दाखवल्या. लपवाव्यात असं क्षणभर वाटलं होतं.

वरच्या बाजूची गोष्ट सोपी आहे. विल्यम वीव्हर यांनी १९३० साली दुर्बिणींची कंपनी काढली, आणि त्यांच्या नावाची आडव्या खाचांची पट्टी घरोघरच्या रायफलींवर गेली. तिच्या खाचा ४.५७ मिलिमीटर रुंद, पण दोन खाचांतलं अंतर ठरलेलं नाही. ते अमेरिकी लष्कराने ठरवून टाकलं. न्यू जर्सीतल्या पिकाटिनी आर्सेनलच्या नावाने ओळखलं जाणारं ते प्रमाण फेब्रुवारी १९९५चं: खाच ५.२३ मिलिमीटर, आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत १०.०१. वीव्हरच्या कड्या सहसा पिकाटिनीवर बसतात, उलट मात्र बहुधा नाही, कारण कडीचा जाड आडवा दांडा अरुंद खाचेत शिरत नाही. २००९ साली नाटोने आपलं मेट्रिक प्रमाण आणलं. नव्याने घेणाऱ्याने पिकाटिनी घ्यावी, यात मला जराही शंका नाही. १० मिलिमीटरच्या टप्प्याने कडी पुढेमागे करता येणं ही चैन नाही. दस्ता खांद्याला लावल्यावर डोळा काचेपासून आठ-दहा सेंटिमीटरवर आपोआप आला पाहिजे. माझी मान आखूड. मला काकांपेक्षा दोन खाचा मागे यावं लागतं.

आता कलांबद्दल. रेंजवर एमओए म्हणतात, मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग. आपल्या पंचांगात त्याला पूर्वीपासून कला हा शब्द आहे. काका तोच वापरतात आणि मला तो फार आवडतो. १०० मीटरवर एक कला म्हणजे २.९ सेंटिमीटर.

पट्ट्या सपाट मिळतात, आणि उतरत्या मिळतात. सर्वांत जास्त दिसते ती २० कलांची: मागचं टोक उंच, पुढे उतरती. १५० मिलिमीटर लांबीत हा उतार पुरता एक मिलिमीटरही नाही, ०.८७ भरतो. गोळी रायफलच्या नळीच्या तोंडातून सुटली की लगेच खाली यायला लागते, त्यामुळे लांब मारायचं तर नळीचं तोंड वर हवं. दुर्बीण पट्टीसोबत किंचित खाली बघू लागली, की तिच्या काट्यावर, म्हणजे आतल्या फुलीवर, निशाण धरताना नळी आपसूक वर उचलली जाते. १०० मीटरवर हा फरक ५८ सेंटिमीटरचा. तेवढी उंची दुर्बिणीच्या आतल्या यंत्रणेकडून मागावी लागत नाही. (पट्टी उलटी लावली तर नेमकी तेवढीच हातची जाते. बाण कोरलेला असतो, तो बघावा.)

मी २० कलांची घेतली होती. का घेतली हे मला नीट आठवतं. .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या १७५ ग्रेन वजनाच्या गोळीला १०० यार्डांच्या झिरोपासून १००० यार्डांपर्यंत पस्तीस ते चाळीस कला चढाव लागतो, असं वाचलं होतं, आणि मी मनातल्या मनात तिथे जाऊन उभी होते. लांबवर थरथरणारी हवा, चारेक सेकंदांनी येणारा पोलादी फळीचा आवाज. ते स्वप्न मला अजूनही प्रिय आहे. पण मी ज्या रेंजवर जाते ती ३०० मीटरला संपते, आणि तिथे मला जेमतेम पाच कला लागतात.

काकांनी एकच विचारलं: "दुर्बिणीत एकूण किती आहेत?"

चाळीस. एवढ्या कला नेम सरकवता येतो: मध्यापासून वीस वर, वीस खाली. मोठ्या नळीच्या आजच्या दुर्बिणीत साठ, ऐंशी, कधी शंभरही असतात. तिथे २० कलांची पट्टी घेऊन बिघडत नाही, उलट वरचा फेर वाढतो आणि खाली पुरेसा उरतो. चाळीसवाल्या दुर्बिणीचं गणित वेगळं. सपाट पट्टीवर, रायफलच्या नळीशी अगदी समांतर बसली तरी, १०० मीटरवर झिरोसाठी सुमारे चार कला वर लागतात. गोळी तोवर आठेक सेंटिमीटर पडते आणि दुर्बीण नळीच्या साडेचार सेंटिमीटर वर असते, म्हणून. तीच दुर्बीण २० कलांच्या उतारावर ठेवली, तर चार वर जाण्याऐवजी सोळा खाली यावं लागतं. खाली मुळात वीसच. उरल्या चार. आणि पुढचं टोक दाबून बसवल्याने उतार आणखी चार कलांनी वाढला होता. फटीने त्या चारही खाल्ल्या.

आठ महिने मी टरेटच्या शेवटच्या क्लिकला टेकून नेम धरत होते. दुर्बिणीच्या आत एक बारीक नळी असते, ती मोठ्या नळीत वरखाली, डावीउजवीकडे सरकते. एका टोकाला पोचली, की गोल भिंतीमुळे आडवं सरकायलाही तिला जागा राहत नाही. तिला धरणारी स्प्रिंगही तिथे मधल्यासारखी वागेल याची खात्री नाही. मी एका म्हाताऱ्या दुर्बिणीला भिंतीशी चेपून उभं केलं होतं आणि तिचा हात थरथरतो म्हणून कुरकुरत होते.

म्हणून दुसरी पट्टी सपाट घेतली.

धातूबद्दल थोडक्यात. बहुतेक चांगल्या पट्ट्या ७०७५ किंवा ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि त्या पुरतात. पोलादी पट्टी त्याच आकारात पावणेतीन पट जड. मी तरीही पोलादी घेतली. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं. ४० अंशांच्या फरकात, १५० मिलिमीटर लांबीला, दोघांमध्ये ०.०६ मिलिमीटरच्या आसपास ओढाताण होते. नीट बसलेली पट्टी ती सहज सोसते. पण ताणाचा इतका त्रास भोगल्यावर मला पाठ आणि खोगीर एकाच धातूचं हवं होतं, आणि मी रायफल बेंचवर ठेवून मारते, खांद्यावर घेऊन डोंगर चढत नाही. चढणाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमच घ्यावं.

एकसंध की दोन तुकड्यांची? हा वाद मी फार लांबवत नाही. दोन तुकडे हलके, मधली खिडकी मोकळी राहते, वरून एकेक काडतूस भरणाऱ्याला बोटं घालायला जागा मिळते. पण ते दोन तुकडे एका रेषेत आहेत की नाही, याची जबाबदारी आपल्यावर येते. एकसंध पट्टीत ती रेष कारखान्यातच कापलेली असते. आठ महिन्यांनंतर माझा कौल उघड आहे. उंची मात्र बघावी: बोल्टचा दांडा उचलताना दुर्बिणीला लागू नये, पुढची काच नळीला टेकू नये, आणि तरी गाल दस्त्यावर पूर्ण वजनाने विसावला पाहिजे. पट्टी आणि कड्या मिळून ही उंची ठरते. नुसत्या पट्टीचा आकडा वाचून काही कळत नाही.

स्क्रू माझ्या रायफलला ६-४८चे आहेत, साडेतीन मिलिमीटर जाडीचे, इंचाला ४८ आटे. जड दुर्बिणी आणि दणकट काडतुसं वापरणारे भोकं मोठी करून त्याहून जाड ८-४० घेतात. एका पिढीने हलक्या दुर्बिणींसाठी ठरवलेले हे बारीक स्क्रू आज किलोभर काच धरतात, आणि मला ते पाहून नेहमी धाकधूक होते. धक्का खरा तर स्क्रूंनी घ्यायचाच नसतो. स्क्रूंनी पट्टी पाठीवर घट्ट धरायची आणि घर्षणाने बाकीचं काम करायचं. त्यासाठी पट्टी पाठीला सर्वत्र भिडायला हवी. पुन्हा खोगीरच.

नवी पट्टी आली त्या दिवशी काकांना घेऊन बसले. बोल्ट काढला, चेंबर रिकामा आहे हे मी डोळ्याने आणि त्यांनी करंगळीने तपासलं. मागचा एक स्क्रू आवळून पुढे गेज घातला: ०.०५चं पातं गेलं. मग पुढचा आवळून मागे पाहिलं, तिथे काहीच शिरेना. पहिलीच्या मानाने फारच चांगली होती, पण काकांना तेवढंही चालेना. रिसीव्हर स्पिरिटने पुसला, पुढच्या भागावर मेणाचा पातळ हात दिला, भोकांत मेण भरलं, आणि पट्टीच्या पुढच्या पायाखाली इपॉक्सीचा मोहरीएवढ्या जाडीचा ओघळ सोडला. मागचे दोन स्क्रू आवळले. पुढचे दोन नुसते बोटाने टेकवले, म्हणजे पट्टी आपल्या सरळपणात राहील आणि फट इपॉक्सी भरेल. बाजूने आलेला लगदा मी काडीने काढत होते. "ही खरी भरती," काका म्हणाले.

चोवीस तास थांबलो. दुसऱ्या दिवशी पट्टी टकटक करून सोडवली, तर तिच्या पोटाशी रिसीव्हरचा आरशासारखा ठसा. कुठे तो इतका पातळ की खालचा धातू दिसत होता.

मग स्क्रू. सर्वांत पुढच्या स्क्रूची लांबी मी आधी मोजली नव्हती. काकांनी मोजायला लावली. तो सूतभर लांब असला तर खाली नळीच्या आट्यांवर टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि पट्टीला धरतच नाही. त्याच्या मागचा लांब असला तर बोल्ट बंद होताना घासतो. आटे कोरडे करून स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या निळ्या लॉकटाइटचा एकेक थेंब, आणि टॉर्कच्या स्क्रूड्रायव्हरने २.२ न्यूटन-मीटर. काकांच्या मनगटात ते माप आहे, माझ्या नाही. त्यांनी बोल्ट घातला, सावकाश चार वेळा उघडला-मिटला, मान कलती करून ऐकलं, आणि रायफल माझ्याकडे सरकवली.

कड्या लावताना दांडा खाचेत पुढे ढकलून मग आवळला. गोळी सुटते तेव्हा रायफल मागे येते आणि दुर्बीण जागीच राहू पाहते, म्हणजे पट्टीच्या मानाने ती पुढे सरकू बघते. आधीच पुढे टेकवली असेल तर तिला सरकायला उरत नाही. टरेट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून १६० क्लिक मोजले (चार क्लिकांची एक कला), ८० मागे आले. काट्याचा तोल पाण्याच्या पातळीवर बघून घेतला.

त्या रविवारी काका रेंजवर आले. बऱ्याच महिन्यांनी आले होते. माझ्या मागे खुर्ची टाकून बसले, कानांवर मफ, हातात काठी. मी पाच गोळ्या मारल्या, टरेट फिरवलं, पुन्हा पाच मारल्या, फिरवलं, आणि मग काहीच न फिरवता नळी निवू देत देत वीस. कागद आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चारही ग्रुपांवरून तर्जनी फिरवली, भोकांच्या कडा मोजत. चारही काळ्या वर्तुळात, चारही अंगठ्याखाली झाकले जातील एवढे.

"मधून किती आलीस?"

"सतरा क्लिक वर. पाच डावीकडे."

सतरा क्लिक म्हणजे सव्वाचार कला. ते थोडा वेळ गप्प होते, ओठ हलत होते.

"मग वर पावणेसोळा शिल्लक आहेत," ते म्हणाले. "पाचशे मीटरला पुरतील. रेंज शोध."